सोमच्या लढाईत एखाद्या ‘पॅल्स’ पलटणीचा माग कसा काढावा

पॅल्स म्हणजे दोस्तमंडळी. ऑगस्ट १९१४ मध्ये लॉर्ड डर्बींनी लिव्हरपूलमध्ये हा शब्द रूढ केला. एका गावचे, एका गिरणीतले, एका कचेरीतले लोक मिळून भरती झाले तर त्यांना एकाच पलटणीत ठेवू, असं ते आश्वासन होतं. उत्तर इंग्लंडात अशा कितीतरी पलटणी उभ्या राहिल्या. त्यांतल्या पुष्कळांची पहिली मोठी लढाई म्हणजे पहिल्या महायुद्धातली, १ जुलै १९१६ ची फ्रान्समधल्या सोम नदीकाठची चढाई.

या पलटणींवर लिहिणारे बहुतेक जण शेवटाकडून सुरुवात करतात. स्मारकावरचा आकडा उचलायचा आणि त्याच्यामागे गोष्ट रचायची. काम नेमकं उलट्या क्रमाने करावं लागतं: आधी नाव पक्कं करा, मग दिवस, मग नकाशावरची जागा. माणसं मोजायची ती सगळ्यात शेवटी. खाली उदाहरण लँकाशायरमधल्या ॲक्रिंग्टन गावच्या पॅल्सचं घेतलं आहे, कारण त्यांच्याबद्दल कागद भरपूर आहेत आणि चुकाही भरपूर होतात.

नाव

ब्रिटिश पायदळात रेजिमेंट हे घराणं असतं, लढते ती बटालियन. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणींची ओळख असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. एकाच रेजिमेंटच्या दहा-बारा पलटणी एकाच दिवशी दहा ठिकाणी असू शकतात. त्यामुळे ‘ईस्ट लँकाशायर रेजिमेंट सोमवर होती’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. आपल्याला हवी ती ११ वी बटालियन. तिच्या नावापुढे ‘सर्व्हिस’ असं लागतं, म्हणजे युद्धमंत्री किचनेरच्या नव्या फौजेतली, युद्धापुरती उभारलेली पलटण.

सप्टेंबर १९१४ मध्ये ॲक्रिंग्टनचे महापौर जॉन हारवुड यांनी ती उभारली आणि दहा दिवसांत भरती पूर्ण झाली. तिच्या चार कंपन्यांना डब्ल्यू, एक्स, वाय, झेड अशी अक्षरं होती. डब्ल्यू ॲक्रिंग्टनची, एक्स आसपासच्या गावांची, वाय चॉर्लीची, झेड बर्नलीची. म्हणजे ‘चॉर्ली पॅल्स’ ही वेगळी पलटण नव्हे, ती याच पलटणीतली एक कंपनी. चॉर्लीच्या माणसाचा शोध घेताना ‘चॉर्ली बटालियन’ शोधत बसलात तर काही सापडायचं नाही.

इथेच एक कागदी भानगड आहे. सुरुवातीला या पलटणीचा क्रमांक ७ वा होता, तो बदलून ११ वा झाला. एप्रिल १९१५ पर्यंत तिच्या ब्रिगेडला ११२ वी म्हणत, मग ती ३१ व्या डिव्हिजनची ९४ वी ब्रिगेड झाली. पहिल्या सहा-आठ महिन्यांचे कागद जुन्या क्रमांकांनी आहेत. सगळे क्रमांक, कुठून कुठपर्यंत लागू होते त्या तारखांसह, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. १९१६ च्या उन्हाळ्यातली उतरंड अशी: ११ वी ईस्ट लँकाशायर, ९४ वी ब्रिगेड, ३१ वी डिव्हिजन, ८ वी कोअर, चौथी आर्मी. यातली शेवटची कडी १ जुलैच्या रात्रीच बदलली. ८ वी कोअर जनरल गफच्या रिझर्व्ह आर्मीकडे गेली. २ जुलैनंतरचं काही चौथ्या आर्मीच्या कागदांत सापडलं नाही तर कागद हरवले असं समजू नका, ते दुसऱ्या खात्यात आहेत.

दिवस

‘सोमची लढाई’ १ जुलै ते १८ नोव्हेंबर १९१६ अशी साडेचार महिने चालली. कोणतीही पलटण एवढा काळ सलग तिथे नव्हती. ३१ वी डिव्हिजन १ जुलैनंतर काही दिवसांतच सोमवरून काढून नव्ह शापेल–फेस्तुबेरच्या बाजूला नेली आणि ऑक्टोबरमध्ये परत आणली. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबर १९१६ मध्ये मारला गेलेला ॲक्रिंग्टनचा माणूस ‘सोमच्या लढाईत पडला’ असं लिहिणं चूक, मग तारीख लढाईच्या मुदतीत कितीही चपखल बसो. कौटुंबिक इतिहासांत ही चूक सर्रास दिसते.

रेजिमेंटांना मिळणाऱ्या युद्धसन्मानांच्या नावांतही असाच गोंधळ आहे. सरकारी नामावळीत सोमच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे १ ते १३ जुलैला, ‘अल्बर्ट १९१६’ म्हणतात. १ जुलैला ॲक्रिंग्टनच्या पलटणीने सेर या खेड्यावर केलेला हल्ला त्यात मोडतो. ‘अल्बर्ट १९१८’ आणि ‘सोम १९१८’ या वेगळ्या लढाया. त्यामुळे नावापुढचं साल कधी गाळू नये.

हल्ल्याचे हुकूम वाचताना तारीख शोधाल तर बहुधा मिळणार नाही. तिथे ‘झेड दिवस’, म्हणजे हल्ल्याचा दिवस, असतो. तोफांचा भडिमार २४ जूनला, यू दिवशी, सुरू झाला आणि झेड ठरला होता २९ जूनला. पावसामुळे चढाई ४८ तास पुढे गेली आणि वाय व झेडच्या मध्ये दोन जादा दिवस घुसले, वाय-१ आणि वाय-२. आता या पलटणीच्या कंपन्यांचीही अक्षरं डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. एखाद्या हुकुमात नुसतं ‘वाय’ दिसलं तर ती कंपनी की दिवस हे वाक्य नीट वाचूनच कळतं. घाईत चॉर्लीची कंपनी २८ जूनला हल्ल्याला निघाल्याचा शोध लागू शकतो!

रोजनिशी

मुख्य साधन म्हणजे पलटणीची युद्ध-रोजनिशी. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत त्या आहेत आणि बहुतेकांच्या प्रतिमा त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. शोधताना नुसतं ‘ॲक्रिंग्टन’ टाकण्यापेक्षा डिव्हिजन, ब्रिगेड आणि बटालियन या क्रमाने खाली उतरावं, कारण मालिकेची मांडणीच तशी आहे.

पान ठरावीक छापील नमुन्याचं असतं, फॉर्म सी २११८. डावीकडे ठिकाण, मग तारीख, वेळ, मधे घटनांचा सारांश, उजवीकडे शेरे आणि पुरवण्यांचे संदर्भ. ती लिहायचा बहुधा ॲडज्युटंट, म्हणजे पलटणीचा कारभार पाहणारा अधिकारी, पेन्सिलीने, आणि कितीदा तरी दोन-तीन दिवसांचं एकदम. पहिल्यांदा वाचणाऱ्याची नजर मधल्या रकान्यावर खिळते. उजवा रकाना आधी पाहा. ‘पुरवणी पाहा’ असं तिथे लिहिलेलं असेल तर खरा मजकूर पुढच्या पानांत आहे: हल्ल्याचा हुकूम, नंतरचा अहवाल, कधी हाताने काढलेला नकाशा.

रोजनिशीत अधिकाऱ्यांची नावं येतात, शिपायांची सहसा नाहीत. ते ‘ओ.आर.’ या दोन अक्षरांत मावतात. ‘अदर रँक्स’, म्हणजे अधिकारी सोडून बाकी सगळे. ‘२ अधिकारी, ४० ओ.आर. जखमी’ अशा नोंदीत आपला माणूस शोधणं व्यर्थ.

मोठ्या हल्ल्याच्या दिवसाची नोंद अनेकदा सगळ्यात तोकडी असते. कारण उघड आहे. लिहिणारे अधिकारीच पडलेले किंवा जखमी असत; इथे तर पलटणीचा प्रमुख, लेफ्टनंट कर्नल रिकमन, त्या दिवशी स्वतः जखमी झाला. अशा वेळी वरच्या पायरीवर जा. ब्रिगेडच्या मुख्यालयाची स्वतंत्र रोजनिशी असते, डिव्हिजनचीही असते. पुढून आलेले निरोप तिथे वेळेसकट नोंदलेले सापडतात. मात्र निरोप निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांत तासभराचं अंतर सहज पडे. निरोप नेणारे शिपाई मारले जात, टेलिफोनच्या तारा तुटत. वहीत दोन्ही वेळांना वेगळे रकाने ठेवा, नाहीतर घटनांचा क्रम उलटा लागतो.

शेजाऱ्यांची रोजनिशीही वाचायची. सेरसमोर डाव्या अंगाला १२ वी यॉर्क अँड लँकेस्टर, म्हणजे शेफील्डची पलटण, आणि पाठीमागे त्याच रेजिमेंटच्या १३ व्या व १४ व्या, म्हणजे बार्न्सलीच्या पलटणी होत्या. आपल्या पलटणीचे लोक शत्रूच्या खंदकात घुसले का, हे कधी कधी शेजाऱ्याने पाहिलेलं असतं.

समोरच्या बाजूचे कागद वापरले तर काम एकदम भरीव होतं. सेरमध्ये बाडेनची १६९ वी पायदळ रेजिमेंट होती. प्रशियाचं लष्करी दफ्तर १९४५ मध्ये पोट्सडॅमला जळालं, पण बाडेनचं कार्ल्सरूहेला वेगळं ठेवलेलं असल्याने वाचलं. फक्त घड्याळ लक्षात असू द्या. त्या उन्हाळ्यात जर्मन वेळ ब्रिटिश वेळेच्या एक तास पुढे होती. ब्रिटिश कागदांतला सकाळी ७.३० चा हल्ला जर्मन कागदांत ८.३० ला येतो. हे विसरलं की दोन वेगळे हल्ले झाल्यासारखं वाटतं.

वेळेचंच आणखी एक. हल्ल्याची ठरलेली वेळ ७.३०, पण ॲक्रिंग्टनची पहिली लाट ७.२० च्या सुमारास खंदकाबाहेर पडून मोकळ्या जमिनीवर आडवी झाली होती. त्याच मिनिटाला दक्षिणेला बोमों-हामेलजवळ हॉथॉर्न टेकडीखालचा सुरुंग उडवला गेला, आणि ८ व्या कोअरच्या संपूर्ण आघाडीवर जड तोफांनी शत्रूच्या पहिल्या खंदकावरचा मारा उचलून मागे नेला. म्हणजे जर्मनांना दहा मिनिटं आधी वर्दी मिळाली आणि डोक्यावरचा जड माराही थांबला. रोजनिशीत ७.२० ची नोंद दिसली तर ती चुकीची वेळ समजून ‘सुधारू’ नका. त्या सकाळचं बरंचसं स्पष्टीकरण त्या दहा मिनिटांत आहे.

नकाशातली जागा

रोजनिशीत गावांपेक्षा संदर्भ-अंक जास्त असतात. ते वाचता आले नाहीत तर पलटण नेमकी कुठे होती हे कधीच कळत नाही. सेर येतं ५७-डी या नकाशा-पत्रकावर, के या अक्षर-चौकोनात. खंदकांच्या तपशिलासाठी १:१०,००० चं ‘एब्युतेर्न’ नावाचं पत्रक घ्यावं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर असे नकाशे मोफत पाहता येतात आणि आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून सरकवताही येतात.

नमुन्यादाखल के.२९.बी.३.४ हा संदर्भ सोडवू. के चौकोनात हजार यार्डांचे ३६ छोटे चौकोन आहेत, एका ओळीत सहा, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली मोजलेले. २९ म्हणजे पाचव्या ओळीतला पाचवा. त्या प्रत्येकाचे ५०० यार्डांचे चार भाग: वर डावीकडे ए, वर उजवीकडे बी, खाली डावीकडे सी, खाली उजवीकडे डी. आता बी भागाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवा. आधी पूर्वेला ३ दशांश, म्हणजे १५० यार्ड, मग उत्तरेला ४ दशांश, म्हणजे २०० यार्ड. एक दशांश ५० यार्डांचा, साधारण ४६ मीटरांचा. कधी अंक दोन-दोन असतात, ३५.४०, तिथे शतांश धरायचे, एक शतांश ५ यार्ड.

चूक होते ती बहुतेक एकाच ठिकाणी: आधी उत्तर आणि मग पूर्व मोजली जाते. ३ आणि ४ ची अदलाबदल झाली तर सत्तर यार्डांचा फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जिथे दोन्ही खंदकांमधली जमीनच काहीशे यार्ड रुंद होती तिथे तेवढ्यात माणूस काटेरी तारेच्या अलीकडचा पलीकडे जातो.

रंगही पाहा. १९१८ च्या सुरुवातीपर्यंतच्या ब्रिटिश नकाशांत जर्मन खंदक तांबडे आणि ब्रिटिश निळे. नंतर रंग उलटे केले. शिवाय बऱ्याच प्रतींवर ब्रिटिश खंदक गुप्ततेसाठी काढलेलेच नसत, असली तर पुढची एक रेघ. नकाशा कोरा म्हणून तिथे काही नव्हतं असं मानू नये. पत्रकावर ‘अमुक तारखेपर्यंत दुरुस्त’ अशी ओळ असते. तारीख हल्ल्याच्या जितकी जवळ तितकं बरं.

सेरसमोर चार छोट्या राया होत्या. दक्षिणेकडून उत्तरेकडे नावं मॅथ्यू, मार्क, ल्यूक, जॉन. ॲक्रिंग्टनची पलटण मॅथ्यू-मार्कच्या बाजूला, शेफील्डची ल्यूक-जॉनच्या. एवढं डोक्यात बसलं की रोजनिशीतलं अर्धं भूगोलज्ञान फुकट मिळतं.

माणसं मोजताना

ॲक्रिंग्टनबद्दल सगळीकडे येणारा आकडा: हल्ल्यात उतरलेल्या सुमारे ७२० जणांपैकी ५८४ मृत, जखमी किंवा बेपत्ता. यातले तीन शब्द गाळून ‘५८४ मेले’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या दिवसाच्या एकूण आकड्याचंही तेच होतं. ब्रिटिश फौजेची हानी ५७,४७०. त्यांत मृत १९,२४०. ‘एका दिवसात साठ हजार मेले’ हे वाक्य कुठे दिसलं की त्या लेखातले बाकीचे आकडेही तपासून घ्यावेत.

छेदही बघा. पलटणीची कागदावरची संख्या हजाराच्या आसपास. ५८४ ला ७२० ने भागलं तर ८१ टक्के, हजाराने भागलं तर ५८. फरक का? हल्ल्याआधी काही अधिकारी आणि शिपाई मुद्दाम मागे ठेवत, पलटण पुन्हा उभी करता यावी म्हणून. शिवाय सामानवाहतूक, कोठार, आजारी, प्रशिक्षणाला गेलेले. ‘१ जुलैला पलटणीत होता’ आणि ‘१ जुलैला हल्ल्यात होता’ यांत मोठं अंतर आहे, आणि एकट्या माणसाबद्दल दुसरं विधान करायला वेगळा पुरावा लागतो.

मृतांची यादी करायची तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या शोधात रेजिमेंट आणि १ ते ३१ जुलै अशी मुदत द्या, एकच दिवस देऊ नका. जखमा होऊन नंतर गेलेले त्याशिवाय सुटतात. ते कुठे पुरले यावरून त्यांचा मार्गही उलगडतो: सेरच्या पिछाडीला गेझांकूर आणि बोव्हाल इथे कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशनं, म्हणजे आघाडीमागची जखमींची इस्पितळं, होती, पुढे रुआँ किंवा एताप्लची तळ-इस्पितळं, मग इंग्लंडातली गावची दफनभूमी. शेवटच्या प्रकारातले लोक फ्रान्सपुरता शोध घेणाऱ्याला कधीच दिसत नाहीत.

ज्यांची कबर ठाऊक नाही ते थिएपव्हालच्या स्मारकावर, ईस्ट लँकाशायरचे लोक ‘पियर अँड फेस ६ सी’ वर, म्हणजे सहाव्या खांबाच्या सी बाजूवर. तिथे ७२,००० हून अधिक नावं आहेत, पण ती मार्च १९१८ पर्यंतच्या मृतांची. नाव थिएपव्हालवर आहे म्हणजे १९१६ चंच असं धरू नका, तारीख पाहा. आणि बेपत्ता माणसाची ‘१ जुलै’ ही तारीख बहुधा महिन्यांनंतर, कोणी जिवंत पाहिला नाही म्हणून, कचेरीत ठरवलेली असते.

जिवंत राहिलेल्यांचा माग कठीण आहे. शिपायांच्या सेवा-नोंदींची इमारत सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाली आणि निम्म्याहून बऱ्याच जास्त नोंदी गेल्या. उरलेल्या, कडा करपलेल्या, ‘डब्ल्यूओ ३६३’ मध्ये आहेत. पेन्शनवाल्यांच्या ‘डब्ल्यूओ ३६४’ मध्ये. नोंद सापडली नाही तर पदकांचं सूची-कार्ड बघायचं. त्यावर बहुधा फक्त रेजिमेंट असते, पलटण नाही. पलटणीसाठी कार्डावरचा संदर्भ घेऊन पदकांच्या मूळ यादीकडे, ‘डब्ल्यूओ ३२९’ कडे जावं लागतं.

या कार्डावर ॲक्रिंग्टनवाल्यांची एक खूण आहे. पलटण डिसेंबर १९१५ मध्ये आधी इजिप्तला, सुएझ कालव्याच्या रक्षणाला गेली आणि मार्च १९१६ मध्ये फ्रान्सला आली. म्हणून मूळच्या माणसाच्या कार्डावर १९१४-१५ चा स्टार हे पदक आणि युद्धक्षेत्र ‘३’, म्हणजे इजिप्त, असं असतं. ते पाहून ‘हा फ्रान्समध्ये नव्हताच’ असं ठरवणारे भेटतात. कार्डावर फक्त पहिलं क्षेत्र लिहिलेलं असतं. उलट स्टारच नसेल तर तो माणूस १९१६ मध्ये किंवा नंतर परदेशी गेला. म्हणजे मूळ पलटणीबरोबरचा नव्हे, मागून आलेल्या तुकडीतला. अशाचं सोमशी नातं जोडण्याआधी थांबावं.

शिपाई-क्रमांकही बोलतो. यॉर्क अँड लँकेस्टरच्या पॅल्सच्या क्रमांकांना १२/, १३/, १४/ असा पलटणीचा उपसर्ग असे, त्यामुळे शेफील्डचा की बार्न्सलीचा हे पाहताक्षणी कळतं. सगळ्या रेजिमेंटांनी ही पद्धत ठेवली नव्हती.

स्थानिक वर्तमानपत्रं शेवटी वाचा, पण वाचाच. जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या बातम्या चढाई छान चालल्याच्या थाटात आहेत. त्यानंतर आठवडेच्या आठवडे फोटो आणि घरी आलेल्या पत्रांतले उतारे येत राहतात. ॲक्रिंग्टन, बर्नली आणि चॉर्ली या तिन्ही गावांची वर्तमानपत्रं स्वतंत्रपणे चाळावी लागतात, कारण प्रत्येक वर्तमानपत्र आपल्याच कंपनीच्या माणसांचं छापतं.

आणि सगळ्या पॅल्सना सेरच्या साच्यात बसवू नका. त्याच सकाळी दक्षिणेला ३० व्या डिव्हिजनमधल्या लिव्हरपूल आणि मँचेस्टर पॅल्सनी मोंतोबां हे गाव जिंकून घेतलं.

प्रत्यक्ष जागेवर

सेरच्या रस्त्यावरून शेताच्या वाटेने शेफील्ड मेमोरियल पार्कपर्यंत जाता येतं. झाडीच्या कडेने जाणारा उथळ चर हाच ब्रिटिशांचा पुढचा खंदक. ॲक्रिंग्टनच्या तांबड्या विटांचं स्मारकही तिथेच आहे. चराशी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलात की समोर क्वीन्स सिमेट्री दिसते, ती दोन्ही खंदकांमधल्या मोकळ्या जमिनीत आहे. पाठीमागच्या खोलगटात रेल्वे हॉलो सिमेट्री. जर्मनांनी फेब्रुवारी १९१७ मध्ये सेर सोडल्यावर त्या वसंतात ही जमीन साफ करून मृतदेह पुरले गेले, म्हणून अनोळखी कबरींचं प्रमाण एवढं आहे.

जुलैत गेलात तर उभ्या पिकामुळे चढ नीट दिसत नाही. कापणीनंतर किंवा हिवाळ्याच्या अखेरीला जावं. शेतं खासगी आहेत, बांधावरूनच चालायचं. नांगरटीत अजून जिवंत गोळे वर येतात आणि शेतकरी ते रस्त्याकडेला ठेवतात. गंजलेला असो, फुटका वाटो, हात लावायचा नाही. सोबत १:१०,००० च्या नकाशाची छापील प्रत ठेवा, ज्यावर तुम्ही सोडवलेले संदर्भ आधीच टिपलेले असतील. तिथे मोबाइलला रेंज असेलच याचा नेम नाही.